कुकरची मूठ वितळत का नाही? बेकेलाइटची ओळख

गोव्यातल्या घरांत उकडा तांदूळ शिजवायचा म्हटला की कुकर बराच वेळ चुलीवर राहतो. आतली वाफ कोंडली गेल्यामुळे पाणी शंभर अंशांवर न थांबता सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि कुकरचे अ‍ॅल्युमिनियमचे अंगही जवळपास तितकेच तापलेले असते. त्या अंगाला दुधाची रिकामी पिशवी चुकून लागली तर ती क्षणात चिकटते आणि तिचा डाग घासून घासूनही निघत नाही. पण त्याच अंगाला स्क्रूने घट्ट बसवलेली काळी मूठ आपण वर्षानुवर्षे हातात धरतो. ती वितळत नाही, मऊ पडत नाही, वाकडीही होत नाही. पिशवीही प्लास्टिकची आणि मूठही प्लास्टिकचीच असताना हा फरक कुठून आला, हे नीट कळले की बेकेलाइट नावाच्या पदार्थाचे जवळजवळ सगळे वागणे आपोआप उलगडते.

प्लास्टिकांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातले पदार्थ उष्णतेने मऊ होतात, गार झाले की घट्ट होतात आणि पुन्हा तापवले तर पुन्हा मऊ होतात. मराठी विज्ञानग्रंथांत त्यांना ऊष्मामृदू म्हणतात. दुधाची पिशवी, बादली, पाण्याची बाटली हे सगळे या वर्गातले. दुसऱ्या वर्गातले पदार्थ पहिल्यांदा तापवताना मऊ होऊन साच्याचा आकार घेतात, पण त्याच उष्णतेत त्यांच्यात रासायनिक क्रिया घडते आणि ते कायमचे घट्ट होतात. त्यांना ऊष्मादृढ म्हणतात, आणि पूर्णतः कृत्रिम असलेले या वर्गातले पहिले यशस्वी प्लास्टिक म्हणजे बेकेलाइट. पिशवी गार होऊन घट्ट झालेली असते आणि मूठ तापून घट्ट झालेली असते, एवढा हा भेद आहे.

यातला पहिला प्रकार डोळ्यांसमोर घडताना पाहायचा असेल तर गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांचे काम पाहावे. कातकामाच्या यंत्रावर लाकडाचा पाय किंवा पाळण्याचा दांडा गरगर फिरत असतो आणि कारागीर रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो. बाहेरून आग लावावी लागत नाही; घर्षणाची उष्णताच लाखेला पुरते. कांडीचे टोक मऊ होते, लाख लाकडावर पसरते, आणि फिरवणे थांबल्यावर गार होऊन चकचकीत, कडक थर उरतो. तो थर तापवला तर लाख पुन्हा मऊ होईल, कारण या साऱ्या खटाटोपात तिच्या रेणूंची रचना बदललेली नसते.

ही लाख आपल्या विषयात उगाच आलेली नाही. पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक कीटक राहतो आणि त्याच्या स्रावापासून लाख मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून, मुख्यतः छोटा नागपूरच्या परिसरातून जात असे. तेव्हा युरोप-अमेरिकेत विजेचा वापर झपाट्याने वाढत होता. तारा, वेटोळी, जोडण्या यांना विजेपासून राखणारे आवरण हवे होते आणि त्या कामी लाख उत्तम होती. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतही लाखच असे. मागणी वाढत गेली, पण कीटकाकडून काही ठरावीक वेगापेक्षा जास्त काम करून घेता येत नव्हते. साहजिकच लाखेसारखा पदार्थ प्रयोगशाळेत बनवता आला तर बनवणाऱ्याचे भाग्य उजळणार होते. इकडे इंग्रज सरकारच्या काळात, १९२४ साली, रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था उभी राहिली. पण तोवर लाखेचा प्रतिस्पर्धी बाजारात येऊन बरीच वर्षे झाली होती.

तो प्रतिस्पर्धी बनवला लिओ बेकेलँड यांनी. त्यांचा जन्म १८६३ साली बेल्जियममधील गेंट शहरात एका चांभाराच्या घरी झाला. रसायनशास्त्रात नाव कमावून ते १८८९ साली अमेरिकेत गेले, तेथे त्यांनी छायाचित्रांसाठी ‘व्हेलॉक्स’ नावाचा नवा कागद काढला आणि तो ईस्टमन कोडॅकला विकून एवढा पैसा मिळवला की पुढे कोणाची नोकरी करण्याची गरज उरली नाही. न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्स येथील घराच्या आवारातच त्यांनी प्रयोगशाळा थाटली. कृत्रिम लाख शोधायची या हेतूने त्यांनी जी दोन रसायने हाताशी घेतली, ती नवी नव्हती: एक फिनॉल, म्हणजे पूर्वी दवाखान्यांत जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे कार्बोलिक आम्ल, आणि दुसरे फॉर्माल्डिहाइड, ज्याचे पाण्यातले द्रावण फॉर्मलिन म्हणून ओळखले जाते. मासळीत फॉर्मलिन आहे की नाही यावरून २०१८ साली गोव्यात उठलेले वादळ आठवत असेल, तर हे नाव वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ही दोन रसायने एकत्र आली की चिकट, राळेसारखा पदार्थ तयार होतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ सालीच पाहिले होते. पण त्यांना शुद्ध स्फटिक हवे होते आणि मिळाला तो भांड्याला घट्ट चिकटलेला, कशातही न विरघळणारा गोळा. रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ती निव्वळ ब्याद होती. भांडे फुकट गेले म्हणून अनेकांनी तो नाद सोडला. जो गुण पुढे लाखमोलाचा ठरला, तोच तेव्हा दोष म्हणून नोंदला गेला.

आता तो गोळा कशातही विरघळत का नाही, ते पाहू. फिनॉलच्या रेणूत कार्बनच्या सहा अणूंचे एक कडे असते आणि त्या कड्यावर तीन जागा अशा असतात की जेथे फॉर्माल्डिहाइड सहज जोडले जाते. फॉर्माल्डिहाइडचा इवलासा रेणू दोन कड्यांच्या मध्ये येऊन पुलासारखा बसतो आणि प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. जोडण्याच्या जागा दोनच असत्या तर कड्याला कडे जोडून लांबच लांब साखळ्या झाल्या असत्या, आणि अशा सुट्या साखळ्या उष्णतेने एकमेकींवरून घसरू शकतात; पिशवीचे प्लास्टिक वितळते ते त्यामुळे. पण तिसरी जागा मोकळी असल्यामुळे प्रत्येक कडे आजूबाजूलाही हात पसरते, साखळी शेजारच्या साखळीला बांधली जाते, आणि शेवटी वर-खाली, मागे-पुढे सर्व दिशांनी विणलेले एकच अखंड जाळे तयार होते. पूर्ण घट्ट झालेली कुकरची मूठ म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत जवळजवळ एकच अवाढव्य रेणू, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्यात घसरायला सुटे असे काही उरलेलेच नसते. खूप तापवले तर हे बंध तुटतात, पण तुटले की पदार्थच नासतो. वितळण्याची पायरी मध्ये येतच नाही.

क्रिया माहीत होती, पण ती आवरत नव्हती हीच खरी अडचण होती. ही क्रिया स्वतःच उष्णता बाहेर टाकते; त्यामुळे मिश्रण आणखी तापते, क्रिया आणखी वेगाने होते, सुटलेल्या पाण्याची वाफ होते आणि सगळा माल फसफसून सच्छिद्र, ठिसूळ बनतो. बेकेलँड यांच्या आधीच्या लोकांनी यावर सरळ उपाय केला: तापमान कमी ठेवायचे आणि हळूहळू जाऊ द्यायचे. त्यात दिवसच्या दिवस जात आणि वस्तू आक्रसून वेडीवाकडी होत. बेकेलँड यांनी १९०७ साली नेमके उलटे केले. त्यांनी तापमान वाढवले, मात्र मिश्रण बंद भांड्यात ठेवून त्यावर इतका दाब दिला की वाफेला बुडबुडे करायला जागाच मिळू नये. त्यांच्या या जाड, पोलादी, वाफेने तापणाऱ्या भांड्याला ‘बेकेलायझर’ असे नाव पडले. आज ज्या पदार्थाची मूठ आपण कुकरला लावतो, तो पदार्थ स्वतःच एका कुकरातून शिजून बाहेर आला, ही गंमत मला फार आवडते.

‘उष्णता आणि दाब’ या पद्धतीच्या पेटंटसाठी त्यांनी १३ जुलै १९०७ रोजी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १९०९ रोजी ते मंजूर झाले. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न हे अभियंतेही याच दिशेने चालले होते, पण त्यांचा अर्ज एका दिवसाने मागे पडला. १९०९च्या फेब्रुवारीत बेकेलँड यांनी आपला शोध अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांपुढे मांडला, १९१० साली कंपनी काढली, आणि ‘हजार उपयोगांचा पदार्थ’ अशी जाहिरात करून अनंताचे चिन्ह बोधचिन्ह म्हणून घेतले. जाहिरातीतले दावे सहसा फुगवलेले असतात. हा मात्र फारसा फुगवलेला नव्हता.

कारखान्यात ही क्रिया एका दमात पूर्ण करत नाहीत. ती अर्ध्यावर थांबवतात, गार झालेली ठिसूळ राळ दळतात आणि तिच्यात भराव म्हणून लाकडाचा बारीक भुसा मिसळतात. नुसती राळ काचेसारखी तडकते. भुशामुळे तिला चिवटपणा येतो आणि मालही स्वस्त पडतो. ही भुकटी दीडशे ते पावणेदोनशे अंशांवर तापवलेल्या पोलादी साच्यात घालून दर चौरस सेंटीमीटरला शे-दोनशे किलोंचा दाब देतात. भुकटी क्षणभर मधासारखी वाहती होते, साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरते आणि काही मिनिटांत कायमची घट्ट होते. अडकलेली वाफ निघून जावी म्हणून साचा सुरुवातीला निमिषभर किंचित उघडून पुन्हा दाबतात. साचा गार व्हायची वाट पाहावी लागत नाही; वस्तू गरम असतानाच बाहेर काढता येते, कारण ती थंडीने घट्ट झालेली नसतेच.

जुनी, फुटलेली कुकरची मूठ टाकून देण्यापूर्वी एकदा उलटी करून पाहावी. दोन साचे जेथे मिटले तेथे कडेने एक बारीक रेघ दिसते. ती कारखान्यात घासलेली असली तरी बोटाला लागते. स्क्रूच्या भोकात पितळेची नळी रुतलेली असेल, तर ती मागाहून ठोकलेली नसून भुकटी भरतानाच साच्यात उभी केलेली असते आणि राळ तिच्याभोवती घट्ट झालेली असते. आणि तुटलेली कड बाहेरच्या पृष्ठभागासारखी चकचकीत नसते. ती खरबरीत, तपकिरी, थेट लाकडाच्या भुशासारखी दिसते, कारण मुठीचा बराच भाग खरोखरच लाकूड असतो. बेकेलाइटच्या वस्तू बहुधा काळ्या किंवा तपकिरी का असत, याचे उत्तरही येथेच आहे: राळ मुळात पिवळसर-तपकिरी, काळानुसार आणखी काळवंडणारी, आणि त्यात भुसा. फिकट रंग तिच्यावर चढत नाही. १९२७च्या सुमारास मूळ पेटंटाची मुदत संपल्यावर भुसा न घालता ओतून केलेली फिनॉलची रंगीत राळ बाजारात आली आणि तिच्या बांगड्या, गुंड्या, रेडिओच्या पेट्या निघाल्या; पण कुकरची मूठ काळीच राहिली.

बेकेलाइटचे खरे राज्य विजेवर होते. वीज त्यातून वाहत नाही, उष्णतेने ते ढळत नाही आणि हव्या त्या किचकट आकारात ते एका दाबात निघते. काळे गोल स्विच, बल्बचे होल्डर, प्लग, मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरची टोपी, टेलिफोनचा जड काळा रिसीव्हर हे सगळे त्याचेच. रेडिओ तर त्यामुळेच स्वस्त झाला, कारण सुताराच्या हातची पेटी करायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात साच्यातून कितीतरी पेट्या निघत. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या जंगलातून चालवलेले गोवा मुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र ज्या रेडिओंवर कान देऊन ऐकले गेले, त्यांतल्या अनेकांची बाहेरची पेटी लाकडाची असली तरी केंद्र लावायची खुंटी आणि जुन्या धाटणीच्या व्हॉल्व्हची, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांची, बुडे याच पदार्थाची असत.

जुन्या घरांतला लाकडी स्विचबोर्ड ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यावरचा तपकिरी पत्रा आठवेल. इलेक्ट्रिशियन त्याला ‘हायलम’ म्हणतात. राळेत भिजवलेल्या कागदाचे थर एकावर एक रचून तापत्या दाबयंत्रात दाबले की असा पत्रा होतो. करवतीने कापता येतो, भोके पाडता येतात आणि वीज अडवतो. स्वस्त रेडिओंच्या आतली तपकिरी सर्किटची पाटीही अशाच कागदाची असते.

मात्र विजेच्या कामातच बेकेलाइटचा एक मोठा दोष उघडा पडतो आणि आपल्या पावसाळ्यात तो लवकर दिसतो. सैल झालेल्या जोडणीत ठिणग्या उडू लागल्या की जवळच्या बेकेलाइटचा पृष्ठभाग जळतो आणि जळून कोळसा होतो. कोळशातून वीज वाहते. दमट हवा, धूळ आणि समुद्राकडून येणारा खारा ओलावा यांचा थर त्यावर बसलेला असेल तर हे आणखी सोपे होते. दोन टोकांमध्ये झाडाच्या मुळीसारखी काळी वाट उमटते आणि वीज अडवणारी वस्तूच वीज नेऊ लागते. म्हणून जुन्या होल्डरच्या आत अशी काळी रेघ दिसली, चरचर आवाज आला किंवा मासळी कुजल्यासारखा वास आला, तर तो पुसून पुन्हा बसवू नये, बदलावा. पुढे घरोघरी आलेले पांढरे स्विच युरिया-फॉर्माल्डिहाइडचे होते. तेही ऊष्मादृढच, पण फिकट रंगाचे आणि ठिणगीपुढे अधिक टिकाव धरणारे. हल्लीचे चकचकीत सपाट स्विच पॉलिकार्बोनेटचे असतात. टेलिफोनही तसाच एबीएस नावाच्या हलक्या, रंगीत आणि पडल्यावर न फुटणाऱ्या प्लास्टिककडे गेला.

त्यावरून बेकेलाइट संपले असे कोणी समजू नये. ते फक्त दिसेनासे झाले. मरीन प्लायचा कापलेला तुकडा कडेने पाहिला तर लाकडाच्या थरांमध्ये गडद लालसर-तपकिरी रेघा दिसतात. तो फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचाच गोंद. साध्या प्लायमध्ये युरियाचा फिकट गोंद असतो, आणि जूनच्या पहिल्या झडीत स्वयंपाकघरातल्या कपाटाचे पुड सुटते ते बहुधा त्याच्यामुळे, कारण तो गोंद ओलावा फार काळ सोसत नाही. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेल्या प्लायची कड पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत असे माझे मत आहे; केवळ रंगावरून खात्री होत नाही हे खरे, पण रेघ अगदीच पांढरी असेल तर प्रश्न विचारायला आधार मिळतो. सनमायकाच्या पाठीकडचा तपकिरी भागही राळेतलाच कागद असतो. वर्कशॉपमध्ये लोखंड कापणारी पातळ चकती, बिलियर्डचे चेंडू आणि गाड्यांच्या ब्रेकची लायनिंगे हीसुद्धा याच घराण्यातली.

ब्रेकचे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. लायनिंगमध्ये तंतू, धातूचा चुरा आणि इतर भुकट्या असतात आणि त्यांना धरून ठेवते ती फिनॉलची राळ, कारण एवढ्या घर्षणात वितळणारा गोंद चालणारच नाही. पण चोर्ला घाट उतरताना चालकाने गियर न बदलता ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी आणली, तर लायनिंग इतके तापते की राळेचे बंध तुटू लागतात, वायू सुटतात आणि ब्रेकची पकड ढिली पडते. घाटात येणारा तो उग्र, जळका वास याचा असतो. खालच्या गियरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा सल्ला रसायनशास्त्राला धरून आहे.

जळून कोळसा होण्याचा हाच स्वभाव एका ठिकाणी मुद्दाम वापरला जातो. अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात शिरते तेव्हा त्याच्या पुढची हवा भयंकर तापते. फिनॉलची राळ मुरवलेल्या कार्बन तंतूंची ढाल पुढे असली, तर राळ थराथराने जळते, त्या जळण्यात उष्णता खर्ची पडते, सुटणारे वायू तापलेल्या हवेला दूर ढकलतात आणि मागे राहिलेला कोळसा आतल्या भागाचे रक्षण करतो. धूमकेतूची धूळ घेऊन आलेली ‘स्टारडस्ट’ यानाची कुपी १५ जानेवारी २००६ रोजी सेकंदाला सुमारे १२.९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरली आणि सुखरूप उतरली, ती अशाच ढालीमुळे. गॅसची ज्योत मोठी ठेवल्याने कुकरच्या मुठीची खालची कड पांढुरकी होऊन भुगा पडतो, तेथेही बंध तुटण्याचाच प्रकार चाललेला असतो.

जुनी वस्तू बेकेलाइटची आहे की नाही हे ओळखायचे असल्यास ती अंगठ्याने जोरात चोळून गरम करावी आणि वास घ्यावा. कार्बोलिक साबणासारखा वास आला तर बहुधा आहे. तापलेली सुई टोचून पाहण्याची पद्धतही सांगितली जाते. सुई आत शिरत नाही हे खरे, पण डाग राहतो, म्हणून चांगल्या वस्तूवर ती करू नये. बाल्कांवमध्ये, म्हणजे घरापुढच्या सोप्यात, उन्हात ठेवलेला जुना रेडिओ काही वर्षांत निस्तेज, खडबडीत होतो, कारण उन्हाने वरची राळ झिजते आणि भुसा उघडा पडतो. तो सावलीत ठेवणे हाच उपाय. आणखी एक इशारा गांभीर्याने घ्यावा: जास्त उष्णता सोसण्यासाठी पूर्वी भराव म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसही वापरत. जुन्या मेन स्विचच्या पाट्या किंवा ब्रेक लायनिंग यांना करवत, ड्रिल किंवा पॉलिशपेपर लावू नये. धूळ फुप्फुसात जाते. अखंड वस्तू हाताळण्यात तसा धोका नाही.

उरला प्रश्न विल्हेवाटीचा. जे जाळे कुकरच्या उष्णतेने सुटत नाही ते भट्टीतही वितळत नाही, त्यामुळे बादलीसारखी नवी वस्तू त्यातून ओतता येत नाही. दळून भुकटी केली तर ती नव्या मालात थोडीफार भराव म्हणून चालते, पण घरगुती कचऱ्यातून मुठी वेचून हे करणे कोणाला परवडत नाही. परसात जाळणे तर सर्वांत वाईट, कारण धुरात फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड येतात. भंगारवाल्याचा हिशेब या बाबतीत अगदी स्पष्ट असतो: कुकर तराजूवर ठेवण्याआधी तो हातोडीने मूठ फोडतो, स्क्रू आणि पितळेची नळी वेगळी करतो, अ‍ॅल्युमिनियमचे वजन धरतो आणि काळे तुकडे तेथेच बाजूला लोटतो. ते तुकडे सुक्या कचऱ्यात द्यावेत. फुटलेली मूठ चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण वाफेने आणि वजनाने सांधा कधीही सुटू शकतो. कुकरच्या मापाची नवी मूठ भांड्यांच्या दुकानात सुटी मिळते आणि एका स्क्रूड्रायव्हरने बसते.